डोंगरापुढे रुळांची चार उत्तरे
कर्जत-खालापूर परिसरातील रेल्वेभटकंतीचा एक दिवस

रेल्वेला चढ मानवत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून फिरते, त्यामुळे घर्षण फार कमी होते आणि एकच इंजिन हजारो टनांचे ओझे सपाटीवरून सहज ओढून नेते. पण चढ लागला की हाच गुण आडवा येतो. रबरी टायर रस्त्याला जशी पकड घेतो, तशी पकड या चाकाला मिळत नाही. शंभर मीटरला एक मीटर एवढा चढसुद्धा मालगाडीला जड जातो. मुंबईहून निघालेल्या रुळांना मात्र शंभर किलोमीटरवर, कर्जतला, थेट सह्याद्रीच आडवा येतो.

या डोंगराचे काय करायचे, हा प्रश्न रेल्वेच्या माणसांना गेली पावणेदोनशे वर्षे पडत आला आहे. त्याची चार वेगवेगळी उत्तरे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आजही चालू अवस्थेत पाहायला मिळतात. डोंगराच्या पायथ्याशी थांबायचे, ही खोपोलीची शाखा. ताकद लावून चढायचे, हा भोर घाट. वळसे घेत वर जायचे, हे माथेरान. आणि डोंगर पोखरून आरपार निघायचे, हा पनवेलचा मार्ग. रेल्वेवर प्रेम करणाऱ्याला इतक्या थोड्या जागेत इतके काही देणारा दुसरा प्रदेश मला महाराष्ट्रात ठाऊक नाही. दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस या गाड्यांसाठी काढावा, असा माझा आग्रह आहे, तो त्यासाठीच.

पायथ्याशी थांबलेली गाडी

दिवसाची सुरुवात खोपोली लोकलने करावी. कर्जतहून खोपोली पंधरा किलोमीटर, वाटेत पळसदरी, केळवली, डोळवली आणि लौजी ही चार लहान स्थानके. मार्ग एकेरी आहे, गाड्या मोजक्या आहेत. प्रवासाला अर्धा तासही लागत नाही. मुंबईच्या गर्दीत ज्या लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा मिळत नाही, तीच लोकल इथे ऐसपैस असते. खिडकीत कोपर टेकून बसावे, दोन्ही अंगांना भातखाचरे पाहावीत. दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू असते आणि बांधावर पेंढ्या रचलेल्या दिसतात. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने भाताचे अनेक वाण दिले. ‘कर्जत’ हे नाव लावून ते वाण कोकणभर पोहोचले आहेत.

आज ही शाखा आडबाजूची वाटते, पण जन्माने ती मुख्य मार्गाची थोरली बहीण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्या वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कल्याणला पोहोचली आणि १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे खोपोलीला. म्हणजे पहिल्या गाडीनंतर तीनच वर्षांत खोपोली नकाशावर आली. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव ‘कॅम्पुली’ असे आढळते. त्यापुढे भिंतीसारखा उभा डोंगर होता. रूळ तिथेच थांबले.

१८५८ च्या जूनमध्ये पलीकडे खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र रुळांविना होता. त्यामुळे पुढची पाच वर्षे मुंबई-पुणे प्रवास तीन तुकड्यांत व्हायचा. खोपोलीपर्यंत गाडी, तिथून खंडाळ्यापर्यंत पालखी, तट्टू किंवा बैलगाडी, आणि वर पुन्हा गाडी. त्या काळात खोपोली हे केवढ्या उलाढालीचे ठिकाण असेल! मुंबई आणि दख्खन यांच्यामधली सारी माणसे आणि सारा माल इथे उतरत होता आणि इथेच पुन्हा लादला जात होता. वाटसरूंची सोय या गावाला नवी नव्हती. नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ रेल्वेच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. स्थानकातून उतरल्यावर तिथे जरूर जावे.

खोपोलीत मान वर करून पाहिले की डोंगरावरून उतरणारे जाड नळ दिसतात. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून खाली आणून टाटांनी १९१५ साली इथे वीजनिर्मिती सुरू केली. गाडीला जो कडा चढता आला नाही, त्याच कड्याची उंची विजेच्या कामी आली. पुढे भिवपुरी आणि भिरा इथेही अशीच केंद्रे उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांना या पाण्याने वीज पुरवली.

ताकदीने चढलेला घाट

खोपोलीहून परत कर्जतला यावे आणि लोणावळ्याकडे जाणारी एक्सप्रेस पकडावी. उपनगरी हद्द कर्जत-खोपोलीला संपते, तेव्हा लोकलचे तिकीट किंवा पास या गाडीला चालत नाही. वेगळे तिकीट आधीच काढून ठेवावे. कर्जत ते लोणावळा अंतर अठ्ठावीस किलोमीटर, वेळ साधारण पाऊण तास. पण या पाऊण तासामागे सात वर्षांचे खोदकाम आहे.

भोर घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. आखणी कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांची. सुमारे पंचवीस किलोमीटरांत ५५८ मीटर चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. पंचवीस बोगदे आणि दऱ्यांवरचे आठ मोठे पूल या कामात होते. कडे इतके उभे, की काही ठिकाणी मजुरांना दोरांनी खाली सोडून सुरुंगांची भोके पाडावी लागली. १८६१ साली कामावर ४२ हजारांपर्यंत माणसे होती. पटकी, हिवताप, सुरुंगांचे स्फोट आणि कोसळणारे दगड यांत हजारोंनी जीव गमावला. त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. बर्कले यांनाही गाडी वर गेलेली पाहता आली नाही. घाट खुला होण्याच्या आदल्या वर्षीच ते वारले.

या कामातले एक नाव मात्र आवर्जून सांगायला हवे. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारले. त्यांची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. दोन अनुभवी अभियंते हाताशी घेऊन तिने काम तडीस नेले, शिवाय घाटाची छायाचित्रेही काढली. एकोणिसाव्या शतकात एवढ्या मोठ्या कामाची जबाबदारी बाईने उचलणे ही साधी गोष्ट नव्हती. १८६३ साली घाट खुला झाला आणि मुंबई-पुणे रूळ सलग झाले.

घाटाच्या वाटेची एक लोककथाही या भागात सांगितली जाते. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला डोंगरातून वाट दाखवली आणि त्याच साहेबाने पुढे त्याचा जीव घेतला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचे देऊळ आहे. ट्रकवाले आजही तिथे नाणे वाहून पुढे जातात. कथेतले खरे किती, हे कागदांवरून ठरणार नाही. पण हा डोंगर ज्यांच्या पायाखालचा होता, त्यांच्या माहितीवाचून ही वाट सापडली नसती, ही भावना तिच्यात आहे.

मागून लावलेला खांदा

कर्जतच्या फलाटावर गाडी थांबली की गाडीच्या शेपटाकडे चालत जावे. तिथे दोन किंवा तीन जादा इंजिने हलकेच येऊन गाडीला जोडली जातात. हे बँकर. पुढचे इंजिन ओढते, बँकर मागून रेटतात. सारी ताकद पुढेच लावली तर डब्यांमधल्या जोडण्यांवर प्रचंड ताण येईल. चढावर एखादी जोडणी तुटलीच, तर मागे आधार हवा. म्हणून हा खांदा मागून. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली येतात. बँकर जोडायला लागणाऱ्या काही मिनिटांनीच कर्जतच्या बटाटेवड्याला नाव मिळवून दिले. गाडी थांबणार हे नक्की, म्हणून गरम वडा दारात येणार हेही नक्की. दिवाडकरांचा वडा त्यामुळेच मुंबई-पुणे प्रवाशांच्या पिढ्यांना ठाऊक झाला.

गाडी सुटल्यावर डाव्या बाजूची खिडकी धरावी. पळसदरीला खोपोलीचे रूळ सपाटीवरच राहतात आणि आपली गाडी वर चढू लागते. पहिले उत्तर आणि दुसरे उत्तर इथे एकमेकांपासून वेगळे होतात. मग जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल. बोगद्यामागून बोगदे येतात, आणि मधल्या उजेडात उल्हास नदीचे खोरे खोल खोल जाताना दिसते. पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. पावसानंतरच्या दिवसांत हवा इतकी स्वच्छ असते, की किल्ल्याची तटबंदीही ओळखू येते.

घाट चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे. उतारावर ताबा सुटला तर गाडी थांबणार कशी? त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत. मुख्य रुळाला फुटून डोंगरावर चढत जाणारा आणि तिथेच संपणारा हा रूळ. एरवी सांधे त्याच फाट्याकडे लावलेले असतात. उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे चालकाच्या ताब्यात आहे असे सिद्ध झाले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. बेफाम आलेली गाडी आपोआप चढावर जाऊन दम टाकते. ‘घाटात गाडी उगाच का थांबली’ म्हणून प्रवासी कुरकुरतात, त्या थांब्याचा अर्थ बऱ्याचदा हा असतो.

मूळ मार्गात खंडाळ्याजवळ एक उलटे स्थानक होते. तिथे गाडी बंद टोकात शिरायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ घ्यायची. १९२० च्या दशकाअखेरीस नवे बोगदे खोदून ते टाळले गेले. त्याच सुमारास घाटात वीज आली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. विजेच्या जुन्या मालगाडी-इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत तर बँकर न लावताच घाट चढते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. सगळी चाके एका इंजिनाच्या भरवशावर नाहीत, म्हणून मागचा खांदा लागत नाही.

वळसे घेत वर, डोंगरातून आरपार

कर्जतच्या अलीकडे नेरळला तिसरे उत्तर भेटते. माथेरानची गाडी ताकदीवर विसंबत नाही, ती सावकाश वळसे घेते. आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या ध्यासातून हा मार्ग १९०७ साली पूर्ण झाला. सोळा लाख रुपये खर्च आला. रुळांची रुंदी दोन फूट, चढ काही ठिकाणी २० ला १. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत गाडी सुमारे एकवीस किलोमीटरांत माथेरान गाठते. पावसाने या मार्गाला पुन्हा पुन्हा तडाखे दिले. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर तो २००७ मध्ये सावरला. २०१९ च्या पावसाने पुन्हा खचला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते. सुट्टीत जाणाऱ्यांनी ती सुरू झाली आहे का, हे आधी पाहून घ्यावे. या गाडीला पूर्ण दिवस द्यावा. आपल्या भटकंतीत नेरळच्या छोट्या फलाटावर उतरून तिची इंजिने डोळे भरून पाहिली तरी पुरे.

चौथे उत्तर नव्या काळाचे. कर्जत-पनवेल मार्ग खालापूर तालुक्यातल्या चौकवरून जातो. या शतकाच्या पहिल्या दशकात इथे एकेरी मार्ग सुरू झाला. आता लोकलसाठी दुहेरी मार्ग आखला गेला. सुमारे तीस किलोमीटरांच्या या मार्गावर तीन बोगदे आहेत, त्यांत वावर्ल्याचा बोगदा सर्वांत लांब, २,६०० मीटरांहून अधिक. ठाण्याजवळच्या १९१६ सालच्या पारसिक बोगद्याच्या जवळपास दुप्पट. कर्जतहून नवी मुंबईला जायला कल्याणचा वळसा नको, हे या भागातल्या नोकरदारांचे जुने स्वप्न. गाडीला डोंगर चढायची गरजच उरू नये, इतके यंत्रांचे बळ आता वाढले आहे.

जाताना एवढे करा

सकाळी खोपोली, दुपारी वडा खाऊन लोणावळा, परतीला उतरता घाट आणि संध्याकाळी नेरळ, असा दिवस आरामात बसतो. खोपोलीच्या गाड्या कमी आहेत, म्हणून वेळापत्रक आधी पाहून मगच निघावे. घाटात दारात लटकू नये. रुळांवरून किंवा बोगद्यांतून चालण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा. तो गुन्हा तर आहेच, शिवाय वळणामागून येणारी गाडी आवाज कानी पडेपर्यंत अंगावर आलेली असते.

आणि एक विनंती. कर्जत, पळसदरी, खोपोली, लोणावळा या गावांत घाटातल्या रेल्वे कामगारांच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या आहेत. रुळांची देखभाल करणारे गँगमन, केबिनमधले पोर्टर, बँकरचे चालक अशा माणसांच्या घरांत आठवणी आहेत, जुने बिल्ले आहेत, फोटो आहेत. अशा कुणा आजोबांना तुम्ही ओळखत असाल तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. अभियंत्यांची नावे इतिहासाने जपली. घाट ज्यांनी खोदला, त्यांची नावे हरवली. निदान ज्यांनी तो चालता ठेवला, त्यांची नावे आपल्या हातून हरवू नयेत.