दिलेला शब्द पाळणे हाही रोजाच

रोजेदारावर कोणाचा पहारा नसतो. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायले तर जगाला कळणारही नाही. तरी तो पीत नाही, कारण त्याने अल्लाहला शब्द दिलेला असतो. शेजारी देशांमधली शांतताही अशाच शब्द पाळण्यावर उभी असते.

आपले जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. या निजामशाहीचे शेजारच्या विजापूरच्या आदिलशाहीशी सोलापूरवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. दोन्ही घराणी मुसलमानच. तरी हुसेन निजामशहाविरुद्ध अली आदिलशहाने विजयनगरच्या रामरायाची मदत घेतली. नंतर निजामशहाची मुलगी चांदबीबी आदिलशहाला दिली, सोलापूर आंदण म्हणून गेले आणि १५६५ मध्ये हेच व्याही मिळून रामरायावर चालून गेले. पुढे काही वर्षांतच ते पुन्हा एकमेकांशी लढू लागले. भांडण धर्माचे नव्हते, मुलखाचे होते. आणि तह गरजेपुरते होते. गरज सरली की शब्दही सरत असे.

याच्या उलट उदाहरण हुदैबियाच्या तहाचे. इ.स. ६२८ मध्ये हजरत मुहंमद पैगंबर (स.) सुमारे चौदाशे साथीदारांसह उमऱ्यासाठी मक्केकडे निघाले. कुरैशांनी वाटेतच अडवले. दहा वर्षे युद्ध नको, असा तह ठरला, पण बाकीच्या अटी एकतर्फी होत्या. या वर्षी परत जायचे. मक्केतून कोणी पळून मदिनेला आला तर त्याला परत पाठवायचे, मदिनेतून मक्केला गेलेला मात्र परत मिळणार नाही. हजरत उमर यांच्यासारख्यांनाही हे बोचले. तेवढ्यात अबू जंदल हे मक्केतले मुसलमान पायातल्या बेड्यांसह तिथे पोहोचले आणि आसरा मागू लागले. काळजावर दगड ठेवून त्यांना परत पाठवण्यात आले, कारण शब्द दिला होता. पुढे कुरैशांच्या बाजूनेच तह मोडला. दोन वर्षांनी, रमजान महिन्यात, मक्का जवळजवळ रक्तपाताविना हाती आली आणि कालच्या वैऱ्यांना माफी मिळाली.

भारत-पाकिस्तानच्या इतिहासातही असा एक रमजान आहे. १९६५ चे युद्ध थांबल्यावर १० जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री आणि अयूब खान यांनी ताश्कंदमध्ये करारावर सह्या केल्या, तेव्हा रमजान चालू होता. शास्त्रीजींबरोबर आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथे होते. जवानांनी रक्त सांडून जिंकलेली हाजीपीर खिंड सोडावी लागणार होती, देशात नाराजी होती. त्याच रात्री शास्त्रीजी गेले. तरी ठरल्याप्रमाणे २५ फेब्रुवारीपर्यंत दोन्हीकडचे सैन्य मागे गेले. १९७१ मध्ये पुन्हा युद्ध झाले, हेही खरे. एक करार सगळे प्रश्न सोडवत नाही. पण तो पाळला गेला तेवढे दिवस कोणाचा तरी मुलगा घरी सुखरूप राहतो.

पाकिस्तानशी बोलायला हवे, असे माझ्यासारख्या मुसलमानाने म्हटले की काहींच्या भुवया उंचावतात. म्हणून स्पष्ट सांगतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारणाऱ्यांना माफी नाही आणि दहशतवाद पोसणाऱ्याला मैत्रीचा हक्क नाही. पण बोलणे म्हणजे माफी देणे नव्हे. मुत्सद्देगिरी खरी वैऱ्याशीच करावी लागते. मित्राशी बोलायला वकील लागत नाहीत.

आणि सगळे तुटले तरी काही धागे टिकतात. दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून ही प्रथा चालू आहे. २००८ च्या करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या दिल्या जातात. मे २०२५ मध्ये दोन्हीकडून क्षेपणास्त्रे सुटली, तरी १ जुलैला याद्या दिल्या गेल्या. समुद्रातली हद्द नकळत ओलांडून पकडल्या गेलेल्यांत आपल्या पालघरचे मच्छीमारही असतात. त्यांच्या घरी चूल कशी पेटते हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचाच आहे. यादीत नाव आले की निदान माणूस जिवंत आहे, हे घरच्यांना कळते.

शांतता एकदम येत नाही. यादी वेळेवर देणे, शिक्षा भोगून झालेल्याला सोडणे, गोळी न झाडण्याचा शब्द पाळणे, अशा लहान गोष्टींतून ती येते. एक रोजा म्हणजे रमजान नव्हे, पण रमजान एकेका रोज्यानेच पुरा होतो. आज इफ्तारच्या वेळी दुआ मागताना सीमेवरच्या जवानांबरोबर त्या मच्छीमारांचीही आठवण ठेवूया.