संगणकीय अक्षरजुळणी : दोष व निवारण

संगणकाच्या पडद्यावर मजकूर व चित्रे यांची मांडणी करून छपाईयोग्य पृष्ठे तयार करण्याच्या पद्धतीस संगणकीय अक्षरजुळणी म्हणतात. व्यवहारात ती ‘डीटीपी’ या नावाने ओळखली जाते. १९८५ मध्ये ॲपल कंपनीचा लेसरमुद्रक, ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन भाषा आणि ऑल्डस कंपनीची पेजमेकर ही आज्ञावली यांच्या संयोगाने ती रूढ झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची आयएसएम व मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची श्रीलिपी या आज्ञावल्यांमुळे मराठी जुळणी सुलभ झाली. सातारा जिल्ह्यातील उंब्रजसारख्या बाजाराच्या गावीही लग्नपत्रिका, स्मरणिका व सहकारी संस्थांचे अहवाल संगणकावर जुळविता येऊ लागले.

शिशाच्या खिळ्यात अक्षर व त्याची आकृती एकच असे. संगणकात मात्र साठविलेला संकेतांक आणि त्यावरून उमटणारी आकृती ही दोन वेगळी अंगे असतात. मराठी मजकुरातील पुष्कळसे दोष या दोहोंच्या फारकतीतून उद्‌भवतात. म्हणून दोष कोणत्या अंगात आहे, हे दुरुस्तीपूर्वी ठरवावे लागते. त्यासाठी मूळ फाइलीची प्रत काढून सदोष परिच्छेद साध्या मजकूर-संपादकात उतरवितात. तेथे तो शुद्ध दिसल्यास दोष पृष्ठजुळणीच्या आज्ञावलीत किंवा तेथील फॉन्टमध्ये असतो. अन्यथा तो मजकुराच्या संकेतांकांत शोधावा लागतो.

मजकुराऐवजी रोमन अक्षरे दिसणे : जुन्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे अवयव रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत व ही योजना प्रत्येक कंपनीची निराळी असे. मूळ फॉन्ट नसल्यास सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा दिसतो. अशा वेळी तो पुन्हा टंकित न करता फाइलीत नोंदलेले फॉन्टचे नाव पाहून तोच फॉन्ट बसवावा व नंतर परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठविला जाई; युनिकोडमध्ये हा क्रम उलट असतो. त्यामुळे परिवर्तनानंतर वेलांट्या, रफार व जोडाक्षरे विशेष काळजीने तपासावी लागतात.

जोडाक्षरे फुटणे : संकेतांक बरोबर असूनही जोडाक्षरे सुटी व वेलांटी व्यंजनानंतर दिसत असेल, तर आज्ञावली भारतीय लिप्यांची आकृतिरचना करीत नाही असे समजावे. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ हा परिच्छेदरचनेचा पर्याय निवडल्यास हा दोष जातो. पेजमेकरच्या २००१ मधील ७·० या अखेरच्या आवृत्तीतही युनिकोडची सोय नव्हती. त्यामुळे तीत युनिकोड मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

रफार व अर्धा र : ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. येथे आकृती चुकली की अर्थही बदलतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला हलन्त देऊन पुढील व्यंजन जोडल्यास योग्य आकृती मिळते. ‘ल’ व ‘श’ यांची हिंदी वळणे उमटल्यास मजकुराची भाषा मराठी निवडावी. फॉन्टमध्ये मराठी वळणे अंतर्भूत असल्यास ती आपोआप येतात.

मजकूर व चित्रे गळणे : इनडिझाइनमध्ये चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह दिसल्यास मजकूर चौकटीत मावलेला नाही, असा त्याचा अर्थ होतो, तो छपाईत येत नाही. चित्रे बहुधा फाइलीशी केवळ जोडलेली असतात. ती अन्यत्र हलविल्यास छपाईत अस्पष्ट उमटतात, म्हणून मूळ चित्रे, फॉन्ट व फाइल एकत्र पाठवितात. पीडीएफ तयार करताना फॉन्ट तिच्यात अंतर्भूत करावे आणि काळा मजकूर चार शाईंऐवजी केवळ काळ्या शाईत ठेवावा. अन्यथा छपाईत रंग किंचित सरकताच अक्षरांना छाया येते.

एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहिल्यास दोषाचे कारण निश्चित होते. तात्पुरत्या दुरुस्तीने छापील पृष्ठ निर्दोष होते. परंतु फाइलीतील मजकूर जुन्याच संकेतांकांत राहिल्यास तो शोधता येत नाही व फॉन्ट नाहीसा होताच वाचताही येत नाही. गावोगावच्या संस्थांचे अहवाल व स्मरणिका ही स्थानिक इतिहासाची साधने असल्याने त्यांची युनिकोड प्रत जतन करणे हा निवारणाचाच एक भाग होय.