एक आदेश, चाळीस राउटर: नेटवर्कचं काम स्क्रिप्टवर सोपवण्याआधी

समजा, एका पतसंस्थेच्या चाळीस शाखा आहेत. काही निपाणी-चिकोडीकडे, काही चंदगड-गडहिंग्लजकडे. प्रत्येक शाखेत एक राउटर. सगळ्यांवर एक नवा सुरक्षा नियम घालायचाय. जुनी पद्धत अशी, की आयटीवाला पोरगा एकेका राउटरमध्ये लॉगिन करतो, तेच आदेश पुन्हा पुन्हा टाइप करतो आणि विसाव्या शाखेपर्यंत डोळे जड झाले की कुठंतरी एखादा आकडा चुकतो.

यावर उपाय म्हणून स्क्रिप्ट आणि अ‍ॅन्सिबलसारखी साधनं वापरतात. अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये आलं, २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीनं विकत घेतलं. मूळ साधन आजही फुकट मिळतं. राउटरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. माणूस ज्या एसएसएच मार्गानं आत जातो, त्याच मार्गानं हेही जातं. राउटर कसा असायला हवा, ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचं; तिला प्लेबुक म्हणतात. नीट लिहिलेलं प्लेबुक दोनदा चालवलं तरी नियम दोनदा चढत नाही. एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झाल्यानं ताळेबंद जुळवत बसलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण बरोबर नियम ज्या वेगानं चाळीस ठिकाणी पोचतो, त्याच वेगानं चुकीचाही पोचतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळंच बंद पडलं होतं, आठवत असेल. फेसबुकनं नंतर कारण सांगितलं. देखभालीच्या कामात, डेटा सेंटरांना जोडणाऱ्या जाळ्याची क्षमता तपासायला एक आदेश दिला गेला आणि त्यानं ते जाळंच तुटलं. असे आदेश अडवणारं तपासणीचं सॉफ्टवेअर होतं. नेमका त्यातच दोष निघाला. कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारी वाट इंटरनेटवरून दिसेनाशी झाली. दुरून दुरुस्तीही होईना, कारण नेहमीचे मार्ग त्याच जाळ्यावरून जात होते. शेवटी अभियंते प्रत्यक्ष डेटा सेंटरात पाठवावे लागले. सेवा यायला सहा तासांच्या आसपास गेले.

एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या चाळीस शाखांचं काय? माझ्या मते साधन कुठलं घ्यायचं हा प्रश्न दुय्यम आहे. काम देताना ठेकेदाराला विचारायचं ते वेगळंच. अ‍ॅन्सिबलमध्ये ‘चेक’ नावाची रंगीत तालीम असते, काय बदलेल ते आधी दिसतं. ती घेणार का? (त्या बदलानं लाइन तुटेल का, हे मात्र ती सांगत नाही.) आधी एकाच शाखेवर, मग पाच-पाचच्या गटानं जाणार का? ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ अशी सोय आहे: बदल केल्यावर ठरल्या वेळात, एरवी दहा मिनिटांत, पक्कं केलं नाही तर राउटर आपोआप जुन्या स्थितीवर जातो. तुमच्या राउटरवर असं काही आहे का? आणि मुख्य लाइनच गेली तर राउटरपर्यंत पोचायला सिमकार्डवरची दुसरी वाट ठेवलीय का? ती नसेल तर गाडी काढून चाळीस शाखा फिरणं आलं.