विश्लेषण : फुटबॉल सामन्यासाठी परगावी जाणे भारतात इतके अवघड का?

इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पहिला अंतिम सामना २० डिसेंबर २०१४ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. खेळणारे दोन्ही संघ बाहेरचे होते. अॅटलेटिको दि कोलकाताने भरपाई वेळेत मोहम्मद रफिकच्या गोलमुळे केरळ ब्लास्टर्सला १-० असे हरवले. ३६ हजारांहून अधिक प्रेक्षक तेथे होते. आपल्या संघामागे दुसऱ्या शहरात जाणाऱ्या चाहत्याला मात्र आजही बरीच कसरत करावी लागते. ती का, हे समजून घेऊ.

पाहुण्या चाहत्यांसाठी इतरत्र काय नियम आहेत?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये यजमान क्लबला पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तीन हजार जागा ठेवाव्या लागतात. मैदान लहान असेल, तर क्षमतेच्या दहा टक्के. २०१६-१७ च्या हंगामापासून या तिकिटांचा दर ३० पौंडांच्या वर नेता येत नाही. ‘युएफा’च्या क्लब स्पर्धांमध्ये हे प्रमाण पाच टक्के आहे. म्हणजे परगावचा चाहता हा स्पर्धेचा भाग मानला जातो. त्याची जागा यजमानांच्या मर्जीवर सोडलेली नाही.

भारतात खरी अडचण कोणती?

अंतर आणि वेळापत्रक. लंडन ते मँचेस्टर हे अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. सामना पाहून रात्री घरी परतता येते. मुंबई ते कोलकाता रेल्वेने सुमारे दोन हजार किलोमीटर. त्यामुळे तिकीट काही शे रुपयांचे असले, तरी प्रवास, मुक्काम आणि बुडालेली रजा यांचा हिशेब काही हजारांवर जातो.

त्यात तारखा उशिरा ठरतात. २०२४ मध्ये मुंबई सिटीने २९ एप्रिलला गोव्याला हरवून अंतिम फेरी गाठली आणि अंतिम सामना ४ मे रोजी कोलकात्यात होता. हाती पाच दिवस. रेल्वेचे आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी खुले होत असे (आता ६० दिवस). साहजिकच उरले ‘तत्काळ’ किंवा महागडे विमान. सॉल्ट लेक स्टेडियमवरील ६० हजारांहून अधिक प्रेक्षकांत मुंबईकर मूठभरच होते. मुंबईने मोहन बागानला ३-१ असे नमवले, ते त्यांच्या साक्षीने.

नवी मुंबई पाहुण्यांना सोयीची का?

कोकण रेल्वेने येणाऱ्या केरळ-गोव्याच्या चाहत्याला पनवेलला उतरून हार्बर लोकलने थेट नेरुळ गाठता येते. कोलकात्याहून येणाऱ्याला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्ग आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. शिवाय मुंबई परिसरात स्थायिक झालेले मल्याळी, बंगाली प्रेक्षक पाहुण्या संघाला घरचा आवाज देतात. मैदान क्रिकेटचे असल्याने प्रेक्षक खेळापासून दूर बसतात, ही त्याची उणी बाजू. मुंबई सिटीने पहिले दोन हंगाम येथे खेळून २०१६ पासून अंधेरीच्या छोट्या मैदानाला घर केले. पाहुण्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागाही त्यामुळे आक्रसल्या.

सुरक्षेचे काय?

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यातील हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ चाहत्यांचा जीव गेला. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक वेगळे बसवणे आणि वेगळ्या दारांनी बाहेर काढणे का गरजेचे, हे त्यावरून कळते. अर्जेंटिनात २०१३ मध्ये एका चाहत्याच्या मृत्यूनंतर पाहुण्या चाहत्यांवरच बंदी आली. भारतात मात्र मोठा धोका रस्त्यावर आहे. २० मार्च २०२२ रोजी ब्लास्टर्सचा अंतिम सामना पाहण्यासाठी मलप्पुरमहून दुचाकीने गोव्याला निघालेले दोन तरुण कासरगोड जिल्ह्यात अपघातात मृत्युमुखी पडले.

उपाय काय?

बाद फेरीच्या तारखा व ठिकाणे लवकर जाहीर करणे, पाहुण्यांच्या जागा आणि दर आधीच ठरवणे आणि क्लबने किंवा चाहत्यांच्या संघटनेने मिळून बस वा रेल्वेचा डबा घेणे. ‘मंजप्पडा’, ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारख्या संघटनांकडे माणसे जमवण्याची ताकद आहे. रात्रभर दुचाकी हाकण्यापेक्षा बसमधली जागा सुरक्षित असते, आणि ती वेळेत मिळायची तर सामन्याची तारीखही वेळेत कळायला हवी.