फराळाची अदलाबदल

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न फिरू लागतो, "झालं का हो फराळाचं?" जी विचारते तिचं झालेलं नसतं, जिला विचारलं तिचंही नसतं. नेमके त्याच दिवसांत पेपर तपासायचे असतात, अंतर्गत गुणांच्या याद्या द्यायच्या असतात. मग रात्री साडेनऊला भांडी आवरून कढई चढवायची, बारापर्यंत चकल्या तळायच्या आणि सकाळी पहिल्या तासाला डोळे चोळत वर्गात उभं राहायचं. निदान आठ प्रकार तरी व्हायलाच हवेत, हा सासूबाईंचा शिरस्ता. मीही तो पंधरा-सोळा वर्षं पाळला. आनंदानं पाळला असं म्हणाले तर खोटं होईल.

2017 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. नाताळच्या आधी तिच्या एका शेजारणीकडे कुकींच्या अदलाबदलीची पार्टी झाली होती. प्रत्येकीनं घरून एकाच प्रकारच्या पाच-सहा डझन कुकी करून न्यायच्या, सगळ्या एका मोठ्या टेबलावर मांडायच्या आणि मग प्रत्येकीनं प्रत्येक थाळीतल्या ठरलेल्या तेवढ्याच उचलून डब्यात भरायच्या. सोबत कृती लिहिलेला कागद. एक प्रकार करायचा आणि आठ-दहा प्रकार घेऊन घरी यायचं! "मावशी, मी नानकटाई नेली होती, पहिली तीच संपली," असं भाची मोठ्या कौतुकानं सांगत होती. माझ्या डोक्यात मात्र आमचा फराळ घुमू लागला होता.

खरं तर ताटं फिरवणं आपल्याला नवं नाही. दिवाळीत शेजारी ताट जातं, त्यावर क्रोशाचा रुमाल असतो आणि परत येताना ते कधी रिकामं येत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असतेच. समोरच्या अक्का म्हणतात तसं, "खाली ताट कोडबारदु." गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतही नाताळात हीच रीत असते. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांचं ताट शेजारीपाजारी जातं. त्याला ते कोन्सुआद म्हणतात. आमच्या गल्लीत मूळच्या म्हापशाच्या एक बाई आहेत, त्यांचं ताट दर नाताळात आमच्याकडे येतं. त्यांची नेवरी म्हणजे आपली करंजीच की!

पण ताट फिरवायचं म्हणजे आधी घरात सगळं करायलाच हवं. अदलाबदलीत गंमत अशी की काम आधीच वाटून घेतलेलं असतं. 2018 च्या दिवाळीआधी मी धीर करून सासूबाईंपुढे विषय काढला. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे लक्ष्मीपुढं दुसऱ्याच्या हातचं ठेवायचं होय?" प्रश्न वरवर देवाचा होता, पण आत बरंच काही होतं. कुणाच्या घरचं चालतं, कुणाच्या घरचं ताट हसून घेऊन नंतर कामवालीला दिलं जातं, हे प्रत्येक घराला आपापलं ठाऊक असतं. आमच्या घरालाही होतं. मी वाद घातला नाही. "नैवेद्यापुरतं आपण घरी करू, बाकीचं वाटून घेऊ," एवढंच म्हणाले. त्या गप्प बसल्या, तोच मी होकार मानला.

आठ घरं जमली. चार मराठी, तीन कन्नड आणि एक म्हापशाच्या बाईंचं. यादी करायला बसलो तर निम्मा वेळ नावांवरच गेला. आम्ही लाडू म्हणतो, त्या उंडी म्हणतात. करंजी म्हटलं की अक्का म्हणणार "करचिकाई", चिवड्याला त्यांच्याकडे "चूडा", आणि चकली मात्र दोन्हीकडे थोड्या फरकानं चकलीच. शेवटी यादी दोन्ही भाषांत लिहिली. अनारसे कुणी घ्यायचे म्हटल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि एवढं करून अनारसा कढईत हसला की करणारीनं रडायचं! ते कोपऱ्यावरच्या वहिनींनी घेतले, कारण त्यांचा अनारसा कधी हसत नाही.

हिशेब सोपा ठेवला. आठ घरं, दर घरी बारा नग, म्हणजे प्रत्येकीनं शहाण्णव करायचे. चिवडा आणि शेव यांना नग नसतात, म्हणून ते दर घरी पाव किलो, म्हणजे एकूण दोन किलो. वसुबारसेच्या आधीचा रविवार ठरला, वेळ दुपारी चार. प्रत्येकीनं आपले आठ रिकामे डबे आणायचे. रिकामे कसे आणायचे म्हणून अक्कांनी आपल्या प्रत्येक डब्यात एक-एक बत्तासा टाकला होता.

पहिल्या वर्षी चुका झाल्या. एकीनं चकल्या गरम असतानाच डब्यात भरल्या, त्या मऊ पडल्या. एकीनं करंजीत ओलं खोबरं घातलं, त्या दोन दिवसांत खाऊन टाकाव्या लागल्या. घाईत एका डब्यात शंकरपाळ्यांवर चिवडा पडला, तर शंकरपाळ्यांना लसणाचा वास. तेव्हापासून नियमच केले: पदार्थ आदल्या दिवशी करून पूर्ण निववून आणायचा, सारण सुक्या खोबऱ्याचंच, गोड-तिखटाचे डबे वेगळे, आणि कुणाकडे काय चालत नाही ते आधी विचारून घ्यायचं. चवीबद्दल शेरे मारायचे नाहीत, हा नियम मात्र अजून कुणी पाळलेला नाही.

2020 मध्ये कोरोनामुळे जमणं झालं नाही. डबे फाटकावर ठेवून लांबूनच हात हलवले. 2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, अक्कांचे यजमान गेले.

त्या वर्षी दिवाळी आली. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, त्या घरात त्या दिवाळीला फराळ होत नाही, शेजारी आणि आप्त नेऊन देतात. आम्ही सातजणींनी आपसात ठरवलं की अक्कांचा वाटा काढायचाच. त्यांची शेव मी वाटून घेते म्हणाले. आपण किती समजूतदार, असं तेव्हा मला वाटलं असणार. सांगायला गेले तर अक्का दारातच उभ्या राहिल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अंदऱ ई वर्षा ना बरे तगोळ्ळाकि." म्हणजे या वर्षी मी नुसती घेणारी.

मी घरी येऊन ते सासूबाईंना सांगितलं. मला वाईट वाटलं होतं, पण नेमकं काय चुकलं ते कळत नव्हतं. सासूबाईंना कळलं. चाळीस वर्षं ताटाच्या बदल्यात ताट देणाऱ्या बाईला आम्ही एका दिवसात घेणाऱ्यांच्या रांगेत बसवलं होतं. आमची माया खरी होती, पण त्या मायेनं तिचा हात रिकामा केला होता.

शनिवारी मी चकल्यांना बसले. पहिला घाणा तेलात सोडला आणि सगळ्या चकल्या सुटून कढईभर तुकडे झाले. सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि थेट समोर गेल्या. "अक्का, चला. हिच्या चकल्या मोडतात."

अक्का म्हणाल्या, "वैनी, या वर्षी मी कढईपाशी कशी बसू?"

"कढई आमच्या घरची आहे. तुमच्या घरात तळू नका म्हणतात, आमच्या घरात शिकवू नका असं कुठं म्हटलंय?"

अक्का आल्या. पीठ चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "एण्णी हेच्चागेति." मोहन जास्त झालं होतं. त्यांनी दोन मुठी कोरडी भाजणी घातली, बेताचं गरम पाणी घेतलं आणि पीठ असं मळलं की परातीला चिकटायचं थांबलं. पुढची चकली अखंड निघाली. मग त्या उठल्याच नाहीत. शहाण्णव चकल्या आणि वर घरच्यासाठी पंचवीस, सगळ्या त्यांनीच तळल्या. मी फक्त सोऱ्या फिरवत होते. मध्येच एकदा म्हणाल्या, "यांना जरा लालसर लागायची." एवढंच. आणि झाऱ्यानं चकली उलटली.

रविवारी टेबलावर चकल्यांच्या थाळीपुढे चिठ्ठी ठेवली: चकली, समोरच्या अक्का. कुणी काही विचारलं नाही. अक्कांनी आठही डबे भरून घेतले आणि प्रत्येकीला म्हणाल्या, "तगोरी, चकली तगोरी."

तेव्हापासून आमच्यात एक नियम वाढला. कुणाला जमत नसेल, कुणी आजारी असेल, कुणाच्या घरी दुःख असेल, तरी तिला नुसता डबा पाठवायचा नाही. तिच्याकडून काहीतरी मागायचं. कृती मागा, भाजणी कशी भाजायची ते विचारा, निदान "तुमचा सोऱ्या द्या" म्हणा. अदलाबदल म्हणजे दोन्ही हात चालले पाहिजेत.

या दिवाळीला तुमच्या गल्लीत असं काही करून बघा. चार घरं असली तरी पुरे. हिशेब कागदावर करा, डबे कोरडे करून घ्या आणि ज्या घराचं दार तुम्ही बरेच दिवस वाजवलेलं नाही, तिथं आधी जा. सासूबाईंचं विचाराल, तर यंदाही लक्ष्मीपुढच्या ताटात चकली अक्कांचीच असणार आहे. आमची चकली हल्ली चालत नाही म्हणतात.