साखर कारखाना आणि शेताचे देणे

महाराष्ट्रातील सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. परंतु हाच जिल्हा अवर्षणप्रवण आहे. म्हणून येथील कारखान्यांनी पाण्याचा थेंबही वाया दवडणे परवडणारे नाही.

एक टन उसात सुमारे ७०० किलो पाणी असते. रस आटविताना निघणाऱ्या वाफेचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरल्यास नदी-विहिरींवरील भार हलका होतो. बगॅस जाळून कारखान्याची वाफ व वीज भागते. टनामागे ३० ते ४० किलो प्रेसमड निघते. त्यात सेंद्रिय द्रव्ये व स्फुरद असतात.

आसवनीचे सांडपाणी ओढ्यात सोडल्यास पाण्यातील प्राणवायू नाहीसा होतो व विहिरी बिघडतात. तेच पाणी पक्क्या जमिनीवरील प्रेसमडच्या राशींवर योग्य प्रमाणात शिंपडून राशी वारंवार उलथल्यास सुमारे दोन महिन्यांत उत्तम कंपोस्ट तयार होते. कच्चे प्रेसमड मात्र उभ्या पिकास देऊ नये. ते कुजताना तापते.

सहकारी कारखान्याचे मालक सभासद शेतकरीच होत. वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबरच सांडपाणी कोठे जाते, हेही त्यांनी विचारावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गावोगाव समजावून द्यावी.