धोब्याचा चैत्रातला प्रवास

महाबळेश्वराहून निघालेली सावित्री पोलादपूर, महाड करीत दासगावला आली, की तिला खाडीची भरती भेटते. ओहोटीला तिथल्या चिखलावर शेपटी हलवीत फिरणारा धोबी तुम्ही पाहिलाच असेल. भात कापल्यावर वालासाठी नांगर धरला, की मागून किडे वेचणाराही तोच! शिमग्याच्या सुमारास पाहा: पिवळ्या धोब्याचा रंग उजळतो, पांढऱ्याचा गळा काळा होतो. मग चैत्रात तो हिमालयाकडे, त्याच्याही पलीकडे घरटे बांधायला जातो.

या वाटा कळाव्यात म्हणून सलीम अलींच्या पुढाकाराने मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली. असा मेलेला पक्षी दिसला, तर उघड्या हाताने धरू नका. कड्यावरचा क्रमांक, गाव व तारीख तेवढी सोसायटीला कळवा.